रस्ता नवा झाला, रेघ कुठे गेली?

मागच्या जुलैत रात्री आम्ही कोकणातून परत येत होतो. नाना म्हणजे माझे सासरे शेजारच्या सीटवर, मागे पोरं झोपलेली, आणि पाऊस असा की वायपर फुल स्पीडला टाकूनही समोरचं धड दिसेना. घाटाच्या आधी खड्ड्यांनी पार जीव काढला होता, मग अचानक गाडी शांत झाली, गुळगुळीत नवं कोरं कारपेट लागलं. नाना म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे." आणि मला तिथून पुढे खरी भीती वाटायला लागली, कारण त्या काळ्याभोर रस्त्यावर एक पांढरी रेघ नव्हती, ना मधली ना कडेची. डांबर काळं, त्यावरचं पाणी काळं, रात्र काळी, समोरून येणाऱ्या ट्रकने अपर मारलेला, आणि आपण रस्त्यावर आहोत का साइडपट्टीवर उतरलोय ते कळायला काही मार्गच नाही. मागच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर निदान फिकट का होईना जुनी रेघ होती, तिच्या भरवशावर तरी चाललो होतो.

घरी पोचल्यावर नानांनी विचारलंच, "एवढे कोटी घालतात रस्त्यात, दोन पट्टे मारायला काय होतं हो यांना?"

मी सिव्हिलवाला, रस्त्याच्या कामांवर बरीच वर्षं काढलीत, त्यातली दोनेक तर पट्टे मारणाऱ्या टीमच्या मागे टेप आणि वही घेऊन फिरण्यात गेली. त्यामुळे उत्तर द्यायला बसलो आणि ते भलतंच लांबलं. तेच इथे लिहितोय.

आधी एक प्रयोग सांगतो, कोणालाही जमेल. रात्री हायवेलगतच्या एखाद्या ढाब्यावर थांबलात की मोबाईलचा टॉर्च लावा, तो कपाळाला म्हणजे डोळ्याच्या अगदी शेजारी धरा, आणि दहा-बारा पावलांवरच्या पांढऱ्या रेघेकडे बघा (रस्त्यात उतरू नका, कडेची रेघ पुरते). रेघ चांगली असेल तर पेटल्यासारखी चमकेल. आता डोकं तिथेच ठेवून टॉर्चचा हात लांब बाजूला न्या. चमक गेली ना? म्हणजे ती रेघ उजेड इकडेतिकडे फेकत नाही, जिथून आला तिकडेच परत पाठवते. गाडीत हेडलाइट खाली आणि ड्रायव्हरचे डोळे जरा वर, दोन्ही जवळजवळ एकाच दिशेला, म्हणून आपल्याला रात्री रेघ दिसते. साध्या पांढऱ्या रंगाला हे जमत नाही. हे काम करतात काचेचे मणी.

साधारण रव्याएवढे बारीक गोल मणी असतात, साइटवर सगळे बीड्स म्हणतात. उजेड मण्यात शिरतो, वाकतो, मण्याच्या मागच्या बाजूला जो पांढरा रंग चिकटलेला असतो त्यावर आपटतो आणि आल्या वाटेने परत जातो. हायवेवर आपण जो जाड पट्टा बघतो ना, त्याला थर्मोप्लास्टिक म्हणतात, साइटवर नुसतं थर्मो. तो बादलीतला पेंट नसतोच. पोत्यातून पावडर येते, तिच्यात चिकटवणारा रेझिन किमान १८ टक्के, टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे तो पांढरेपणा किमान १० टक्के, काचेचे मणी ३० ते ४० टक्के आणि बाकी चुनखडीची भुकटी. हे मिश्रण बॉयलरमध्ये १८० ते २०० अंशांच्या आसपास वितळवायचं, ढकलगाडीसारख्या मशीनच्या तळातून अडीच मिलिमीटर जाडीने रस्त्यावर सोडायचं, आणि ते गरम आहे तोवर लगेच वरून आणखी मणी टाकायचे, चौरस मीटरला साधारण पाव किलो.

म्हणजे मणी दोन ठिकाणी आहेत, पोटात आणि वरती. पहिल्या रात्री रेघ चमकते ती वरच्या मण्यांमुळे, आणि टायरांनी वरचे घासून नेले की पोटातले हळूहळू उघडे पडत जातात.

आता गंमत अशी की मणी नुसते टाकून भागत नाही, ते किती रुतले यावर सगळं आहे. चिक्की करताना दाणा कसा बसतो आठवा. पाक फार पातळ आणि गरम असेल तर दाणा बुडतो, थंड झाल्यावर टाकलात तर वरच्यावर राहतो आणि हात लावला की सुटतो. मणी अर्ध्याहून किंचित जास्त, ५० ते ६० टक्के रुतलेला हवा. त्याहून खाली गेला तर उजेड आत शिरायला जागाच नाही, वरवर राहिला तर चार दिवसात ट्रकच्या टायरबरोबर गेला. आणि हे सगळं ठरतं मशीनच्या मागचा बीड्सचा डबा नीट चालतोय का यावर. मी अशा साइट बघितल्यात की डब्याचं तोंड तुंबलेलं आहे आणि एक पोरगा मागून पत्र्याच्या डब्यातून मुठीने बीड्स फेकत चाललाय, देवळात अक्षता टाकतात तसा. दिवसा बघायला रेघ एकदम पांढरीशुभ्र, फोटो मस्त येतो, बिलाला जोडायला. रात्री जा आणि बघा, कुठे चमकतेय, कुठे ठार काळोख.

हे झालं रेघेचं. आता मूळ प्रश्न, नवीन रस्त्यावर ती गायब का असते.

जुन्या रस्त्यावर नवा थर टाकायचा असला की बहुतेक वेळा आधी मिलिंग करतात, म्हणजे दात असलेलं मोठं ड्रम फिरतं आणि वरचं चार-पाच सेंटिमीटर डांबर खरवडून डंपरमध्ये भरतं. त्या क्षणी पट्टे गेले, कॅट आय म्हणजे रस्त्यात बसवलेले ते चमकणारे छोटे ठोकळे गेले, बाणाच्या खुणा गेल्या, सगळंच गेलं. मग झाडलोट, टॅक कोट म्हणजे चिकटायला पातळ डांबराचा फवारा, मग पेव्हर म्हणजे डांबर पसरवणारं मशीन, मग रोलर. संध्याकाळी ट्रॅफिक सोडायचं, कारण हायवे आठ दिवस बंद ठेवता येत नाही. पेव्हरची टीम दुसऱ्या दिवशी पुढच्या किलोमीटरला. पट्टेवाला मात्र वेगळा, तो सबकॉन्ट्रॅक्टर, त्याचं मशीन दुसऱ्या जिल्ह्यात असतं आणि त्याला दोन किलोमीटरसाठी बोलावणं परवडत नाही, म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर साठेपर्यंत वाट बघायची. साठेपर्यंत पाऊस येतो. पाऊस आला की थर्मो मारता येत नाही. झालं, चार महिने रस्ता काळा. कोणी मुद्दाम करत नाही हो, पण रेघ हे शेवटचं काम, घराच्या रंगासारखं, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि खरी गोची तिथे आहे. मिलिंग मशीनने जुनी रेघ खाल्ली त्याच दिवशी रेघेचं काम सुरू झालेलं असतं, पण ते कुणाच्या शेड्यूलमध्येच नसतं.

तर पहिली सुधारणा मिलिंगच्या आधीची आहे, आणि ती जवळपास फुकटात होते. जुन्या रेघा कुठे आहेत ते लिहून ठेवा. दर ठराविक अंतरावर दुभाजकापासून किंवा कडेच्या पक्क्या खुणेपासून रेघ किती मीटरवर आहे, कुठे तुटक रेघ संपून सलग सुरू होते, झेब्रा कुठे, थांबायची रेघ कुठे, गाडीला कॅमेरा लावून एक व्हिडिओ काढून ठेवा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण घाटात वळणावर जी सलग रेघ असते, ओव्हरटेक करू नका म्हणणारी, ती कुणीतरी समोरचं किती लांबचं दिसतं ते मोजून ठरवलेली असते. ती माहिती रस्त्यावरच लिहिलेली होती आणि आपण ती डंपरमध्ये भरून पाठवून दिली! मग पट्टेवाली टीम येते, त्यांना कोणी ड्रॉइंग देत नाही, दिलं तर ते जुनं, आणि टीमचा मुकादम अंदाजाने "इथपासून सलग मारू" म्हणतो. तो बिचारा तिथे पहिल्यांदाच आलेला असतो. वळणाच्या अलीकडे पन्नास मीटर कमी पडले तर त्या पन्नास मीटरमध्ये तुटक रेघ बघून कोणीतरी एसटीला ओव्हरटेक करायला बाहेर निघणार.

जुनं जसंच्या तसं छापायचं असंही नाही म्हणा. मधल्या दहा वर्षांत तिथे पेट्रोल पंप झालेला असतो, गावाचा फाटा मोठा झालेला असतो. नवा थर म्हणजे कोरी पाटी, चुकीची रेघ दुरुस्त करायची हीच वेळ. आपल्याकडे कुठली रेघ कुठे, किती रुंद, कुठल्या रंगाची याचा कोड आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी ३५, त्याची २०१५ ची आवृत्ती बरीच सविस्तर आहे. कागदाची कमतरता अजिबात नाहीये.

दुसरी गोष्ट, कामचलाऊ रेघ. पक्की रेघ मारायला थोडे दिवस थांबावं लागतं हे खरंच आहे, कारण ताज्या डांबरातले हलके तेलकट अंश वर येतात आणि पांढऱ्याचा तपकिरी करतात, शिवाय वर सुटी बारीक कच असते. आणि अजून एक थर यायचा असेल तर खालच्या थरावर महागडा थर्मो घालणं म्हणजे पैसे पुरणं. मान्य. पण तोपर्यंत काहीच नको असं कुठे आहे? साधा रोड पेंट आणि वर बीड्स, पातळ, स्वस्त, त्याच संध्याकाळी ट्रॅफिक सोडायच्या आत, सलग नाही जमली तर ठराविक अंतरावर छोटे तुकडे तरी. अमेरिकेत तर डांबरावर चिकटवायच्या प्लास्टिकच्या छोट्या उभ्या पट्ट्या मिळतात, बोटाएवढ्या, त्या रांगेत लावून टाकतात. तिथल्या राष्ट्रीय मॅन्युअलमध्ये असं म्हटलंय की वरचा थर पडल्यावर कामचलाऊ रेघ १४ दिवसांहून जास्त राहू नये, पक्की आली पाहिजे. मला त्यातला १४ आकडा महत्त्वाचा वाटतो. तो बरोबर का चूक हा वेगळा विषय, पण आकडा असला की कुणालातरी विचारता येतं, "साहेब, पंधरावा दिवस आहे आज."

आपल्याकडेही चालू कामावरच्या ट्रॅफिकसाठी आयआरसीची वेगळी गाइडलाइन आहे, एसपी ५५. पण कामचलाऊ रेघेला टेंडरमध्ये स्वतंत्र आयटम आणि रेट नसेल तर ठेकेदार ती खिशातून मारणार नाही, मी त्याच्या जागी असतो तर मीही नसती मारली.

जुनी रेघ काळ्या रंगाने झाकणे हा एक घातक प्रकार. डायव्हर्शन झालं, लेन सरकवली, जुनी रेघ खरवडायला वेळ नाही, मग तिच्यावर काळा पेंट फासतात. दिवसा ठीक दिसतं. पण पावसात रात्री किंवा संध्याकाळी सूर्य समोर असताना तो काळा पेंट आजूबाजूच्या डांबरापेक्षा जास्त चकाकतो आणि तीच रेघ वाटते, दोन-चार महिन्यांत पेंट घासला की खालचं पांढरं पण डोकावतं. त्याच अमेरिकन मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे की काळं फासणं म्हणजे रेघ काढणं धरलं जाणार नाही. याच जातीचा आणखी एक घोळ जोडाचा. पेव्हर एका फटक्यात अख्खी रुंदी टाकत नाही, डांबराच्या दोन पट्ट्यांमध्ये लांबच लांब जोड राहतो, ओल्या रस्त्यावर तो रेघेसारखाच दिसतो. जोड बरोबर लेनच्या रेघेखाली आला पाहिजे हे पेव्हर चालू करायच्या आधी ठरवायचं असतं. नाहीतर जोड एकीकडे, रेघ दीड फूट दुसरीकडे, आणि रात्री ड्रायव्हरने कुठली धरायची?

काँक्रीटचा वेगळाच ताप. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे घ्या किंवा समृद्धी, पांढुरक्या काँक्रीटवर पांढरी रेघ दुपारी दिसतच नाही, म्हणून पांढऱ्याच्या बाजूला काळी किनार देतात. ती शोभेची नाही. डांबरावर गरम थर्मो टेकला की खालचं डांबर जरा वितळतं आणि दोघं एकमेकांत बसतात, काँक्रीटवर तसं काही होत नाही, तिथे आधी प्रायमर मारावा लागतो, आणि काँक्रीट नवं असेल तर त्यावर क्युरिंगसाठी, म्हणजे आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून मारलेला थर घासून काढावा लागतो. तो नाही काढला तर रेघ त्या थराला चिकटते, रस्त्याला नाही. पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे.

आणि आता गणपती. दर वर्षी गणपतीच्या आधी कोकणात जाणारे रस्ते चकाचक करायची घाई असते, तारीख पंचांगातच छापलेली, हलवता येत नाही. श्रावणात दोन तास ऊन पडलं की बॉयलर पेटतो. रस्ता वरून सुकलेला दिसतो, पण डांबराच्या बारीक भोकांत पाणी असतं, त्यावर २०० अंशांचं थर्मो ओतलं की वाफ होते आणि वाफ रेघेतून फुटून बाहेर येते. जवळून बघितलं तर रेघेवर आंबोळीसारखी जाळी दिसेल. ती जाळी दिसली की समजायचं ही दिवाळी बघणार नाही. खरं तर तेव्हा गुपचूप साधा पेंट मारून घ्यावा आणि थर्मो नोव्हेंबरला, पण साध्या पेंटचं बिल छोटं असतं!

पावसाबद्दल अजून एक, कारण नानांनी नेमकं हेच विचारलं की रेघ असती तरी त्या पावसात दिसली असती का? कमीच. मण्यांवर पाण्याचा थर बसला की उजेड वरच्या वरच सटकून पुढे जातो, मण्यापर्यंत धड पोचतच नाही. म्हणून काही ठिकाणी रेघ सपाट न ठेवता तिच्यावर ठराविक अंतरावर उंचवटे काढतात, ते पाण्याच्या वर राहतात आणि चाक गेलं की घर्रर्र आवाज पण होतो, झोपलेल्याला उठवायला. आणि दुसरा उपाय कॅट आय. इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने त्याचं पेटंट १९३४ मध्ये घेतलं, आणि त्याची एक गोष्ट सांगतात की तो रात्री घरी जाताना ट्रामच्या रुळांच्या चमकेवर गाडी चालवायचा, रस्त्याच्या कामात रूळ काढले आणि त्याला वाटच दिसेना, म्हणून त्याने हे शोधलं. गोष्ट खरी असो नसो, दुखणं आमच्या त्या रात्रीचंच. आपल्याकडे मिलिंगमध्ये कॅट आय उखडले जातात, आणि परत लावायचे राहून गेले तर वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मोजमापाचं सांगतो आणि थांबतो. जाडी मोजायची सोपी रीत म्हणजे मशीनच्या वाटेत एक सपाट पत्रा ठेवायचा, रेघ त्यावरून जाऊ द्यायची, गार झाल्यावर पत्रा उचलून कॅलिपर लावायचा. मी पत्रा ठेवला की मशीनवाला त्या पत्र्यापुरतं मशीन हळू करायचा, थर जाड पडावा म्हणून. मग मी त्याला न सांगता पुढे कुठेतरी ठेवायला लागलो. चमक मोजायला रिफ्लेक्टोमीटर असतो, रेघेवर ठेवायची पेटी, तो ३० मीटर पुढे बघणाऱ्या ड्रायव्हरच्या नजरेच्या कोनात उजेड किती परत येतो ते सांगतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या स्पेसिफिकेशनमध्ये आकडे दिलेत. आकडा मोठा म्हणजे चमक जास्त. ताशी ६५ किलोमीटरपर्यंतच्या रस्त्याला नवी रेघ २०० ची, ६५ ते १०० ला २५० ची, त्याच्या वर ३५० ची, आणि दोन वर्षांनी ती अनुक्रमे ८०, १२०, १५० च्या खाली जाता कामा नये. पण बिल निघतं चौरस मीटरवर, टेप लावून. दोन वर्षांनी ती पेटी घेऊन परत कोण जाणार? माझं मत विचाराल तर पट्ट्याच्या पैशातला एक तुकडा मागे ठेवावा, एक पावसाळा जाऊ द्यावा, मग पेटी लावावी, आकडा आला तर द्यावा. बघा मग बीड्सचा डबा कसा आपोआप दुरुस्त होतो. कायद्यातही मोटार वाहन कायद्याचं कलम १९८ अ आहे २०१९ च्या दुरुस्तीपासून, रस्त्याचे ठरलेले स्टँडर्ड पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदार आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. एक लाखात वीस किलोमीटरचे पट्टे सुद्धा होत नाहीत ते सोडा.

डिसेंबरात परत तिकडे गेलो होतो, रात्रीच आलो. त्या टप्प्यात आता रेघ आहे, पांढरी, सरळ. पुढच्या ढाब्यावर गाडी थांबवली तर चहा सांगायच्या आधी नाना मोबाईल कपाळाला लावून साइडपट्टीवर उभे, लोक बघतायत. दहा पावलं इकडे चमकत होती, पुढे तीनेक मीटर काहीच नाही, मग परत चमकत होती. त्यांनी वाकून चमकणाऱ्या भागावर बोट घासलं, बोटाला चार मणी लागले, ते टॉर्चखाली धरून मला दाखवले. म्हणाले, "आणि ह्या मधल्या तुकड्यात काय डबा रिकामा झाला होता का हो?"

बहुतेक हो, म्हटलं.